कार्डाचा कोपरा

आसगाव, ता. पवनी
१६ जानेवारी १९८४

सौ. कुंताबाई यांस,
शकुनबाईचा नमस्कार.

घाबरू नका, कोणी मेलेलं नाही. म्हणूनच हे निळं आंतरदेशीय घेतलं. आपल्या दोघींत पोस्टकार्डाने काय करून ठेवलं आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे.

गेल्या मंगळवारी पवनीला दवाखान्यात गेले होते. महिनाभर डोकं दुखत होतं, मी ते चष्म्यावर ढकललं होतं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी फुगा दाबला आणि आकडा सांगितला, एकशे नव्वद आणि एकशे दहा. मी विचारलं, यातला माझा कोणता? ते म्हणाले, दोन्ही. मीठ कमी करा, गोळी चुकवू नका आणि मनात राग ठेवू नका, नाहीतर एखाद्या दिवशी अंगाची एक बाजू जाईल. मीठ कमी केलं. गोळी चालू आहे. राहिला राग.

त्याच आठवड्यात गुळाच्या पुडीला मासिकाचं एक पान आलं. तुमच्या भावाला माझी जी खोड फार आवडायची, ती अजून तशीच आहे. पुडी सोडली की आधी कागद वाचायचा, मग गूळ डब्यात. त्या पानावर लिहिलं होतं की जुना राग धरून बसलेल्या माणसाचं शरीर सदा भांडणाच्या तयारीत असतं. शत्रू समोर नसला तरी नाडी धावते, रक्तवाहिन्या आवळतात. आणि जो मनापासून क्षमा करतो त्याचं रक्त हळूहळू शांत होतं. पुढचं पान कोणाच्या तरी मिरच्यांबरोबर गेलं होतं, पण एवढं मला पुरलं.

मी बसून माझे राग काढले. शेजारच्या गोदावरीबाईवर कोंबड्यांवरून आहे, तो किरकोळ. मोठा एकच निघाला. तो तुमच्यावरचा.

तेव्हा कळवते की काल रविवारी आंघोळ झाल्यावर, साधारण दहा वाजता, मी तुम्हाला माफ केलं आहे.

कशाबद्दल तेही लिहिते, म्हणजे घोटाळा नको. १९७३च्या भादव्यात हे आजारी होते, तेव्हा मी तुम्हाला कार्ड टाकलं, की तब्येत बरी नाही, लवकर ये. तुम्ही आलात ते वेशीपासून छाती बडवत, 'माहा दादा गेला' म्हणत. अर्धं गाव तुमच्या मागून. आणि हे आत बाजेवर जिवंत. मी तळ्यावर भांडी घासायला गेले होते, गलका ऐकून धावत आले तर यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. जित्या माणसाला तुम्ही त्याचीच रड ऐकवलीत. त्यानंतर ते धड बोलले नाहीत. नवव्या दिवशी गेले.

हे सगळं माफ. उत्तराची घाई नाही. मात्र पुढल्या आठवड्यात पुन्हा पट्टा बांधायला जायचं आहे, त्याआधी आलं तर बरं.

गं. भा. शकुनबाई


आंधळगाव
२३ जानेवारी १९८४

वहिनीले कुंताचा नमस्कार.

तुही माफी भेटली. वापस धाडून राहिली, कारन मी मांगली नव्हती.

आंदी हे सांग, मले 'तुम्ही' कायले म्हनून राहिली? तू लगन होऊन आली तवापासून मी 'कुंते' होती. 'तुम्ही' म्हनून कोनी माफ करते का वं? मले तं कोर्टाची नोटीस वाटली. आमच्या घरच्यायनं वाचली अन दुकानात बसून हसत होते. म्हनले, टाइम बी लिवला आहे, दहा वाजताचा. तुहा राग गेला नाही वहिनी, तुनं त्याले फक्त आंघोळ घातली.

आता माहं आयक. ते कार्ड आलं तं त्याचा कोना फाटला होता. कोना फाटला म्हनजे काय, हे पुस्तकं वाचनारीले मालूम नाही का? मयताचं कार्ड असंच येते. ते वाचत नाही, घरात नेत नाही. पोस्टमननं आंगनात हातात देलं, मी कोना पायला अन कार्ड तसंच गाईच्या कोठ्यात खोचलं. डोकशावरून थंडं पानी घेतलं अन निंगाली. तीन मोटारी बदलल्या. भंडाऱ्याच्या स्टँडवर रडली, पवनीच्या स्टँडवर रडली. भाऊ मेला म्हनून जानारी बहीन वेशीपासून रडत नाही जात तं काय गानं म्हनत जाते?

कोना कोनं फाडला? मी नाही फाडला. कार्ड तुह्या हातून निंगालं.

अन तुनं काय केलं? साऱ्या गावासमोर म्हनली, 'माह्या मानसाले जितेपनी मारलं तुनं, नींघ घरातून.' दुसऱ्या दिवशी पयल्या गाडीनं मले वापस धाडलं. मंग माह्या भावाचं तोंड मले दिसलं नाही. तेराव्याले आली तवा तुनं पानी बी इचारलं नाही. त्याची माफी कोन मांगंल?

माहं बीपी कोनी मोजलं नाही. मोजलं तं फुगाच फुटंल.

कुंता


आसगाव
६ फेब्रुवारी १९८४

कुंते,

घे, 'तू' लिहिलं.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी पट्टा बांधून घेतला. दोनशे आणि एकशे बारा. डॉक्टरांनी विचारलं, लोणचं खाल्लं का? मी म्हटलं, नाही, नणंदेचं पत्र आलं. त्यांनी दुसरी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, बाई, माफ करायचं तर मनात करावं, कळवायलाच हवं असं नाही. हे त्या पानावर नव्हतं. मिरच्यांबरोबर गेलेल्या पानावर असेल.

दुकानदाराकडे जाऊन विचारलंही, ते पुढचं पान मिळेल का. तो म्हणाला, 'काकू, गूळ घ्या, लेख कायले मोजून मांगता?'

कोपऱ्याचं सांगते. तो मी फाडला नाही. शपथ घेत नाही, डॉक्टरांनी जोर करायला मना केलं आहे. पण ते कार्ड मला चांगलं आठवतं. मी मजकूर लिहिला तेव्हा हे म्हणाले, खाली मी सही करतो. 'कुंती म्हनंल, वहिनीनंच लिवलं, दादा बसला असंल मजेत.' सहीपुरती चार अक्षरं यांना येत होती, ती सोसायटीसाठी शिकलेली. बाजेवर उठून बसून, माझ्या पुस्तकाचा आधार घेऊन, यांनी 'भोजराज' काढलं. भाताची बांधी चिखलणं सोपं असेल, इतका वेळ लागला. मग मी ते कार्ड नत्थू पोस्टमनच्या हातात दिलं. चार कोपऱ्यांचं.

म्हणजे कोपरा वाटेत फाटला. नत्थू आता पेन्शनवर आहे. काल त्याच्या ओसरीवर जाऊन विचारलं, की तुझ्या पिशवीत कार्ड फाटलं का. तो म्हणाला, 'बाई, तीस वर्सं लोकायच्या मयताच्या चिठ्ठ्या वाटल्या, पण मी कोनाले मारलं नाही.' आता तो माझ्याशी बोलत नाही. राग कमी करायला निघाले होते, गावात एक वाढवून आले.

पण कुंते, कोपरा असो नसो, तू दारात आल्यावर बघायचं तरी होतं. बाज समोरच होती. त्यांच्या डोळ्यांतलं ते पाणी मला अजून दिसतं. भाकरी थापताना दिसतं. त्याचं काय करू ते कोणत्याच पुडीवर लिहिलेलं नाही.

शकुन


आंधळगाव
२० फेब्रुवारी १९८४

वहिनी,
या कार्डाचे चारही कोने पाहून घेजो. मी जिती आहो.
नत्थूले कायले छळून राहिली? बुढा मानूस आहे.
दादाच्या डोयातलं पानी कायचं होतं, हे तुले मालूम नाही. तू तळ्यावर होती. मी बाजेजवळ होती. मी सांगनार नाही. सांगितलं तं आता देते त्याच्याहून जास्त दोष देशील.
आता पत्र नोको धाडू.
कुंता


आसगाव
३ सप्टेंबर १९८४

कुंते,

पत्र धाडू नको म्हणालीस आणि साडेसहा महिने मी ऐकलं. आता ऐकता येत नाही. पाकिटात एक पिवळा, तीनकोनी तुकडा आहे. तो सांभाळून बाजूला ठेव आणि आधी हे वाच.

गेल्या आठवड्यात उघाड पडली, म्हणून पुस्तकं उन्हात टाकली. त्यात एक बिनपुठ्ठ्याचं, गोष्टींचं जाड पुस्तक निघालं. यांच्या शेवटच्या दुखण्यात मी ते रोज वाचून दाखवायचे. हे डोळे मिटून ऐकायचे आणि मी थांबले की 'मंग?' म्हणायचे. ते अर्ध्यावर राहिलं. राहिलेलं एकटीने वाचायचं माझ्याने झालं नाही, म्हणून अकरा वर्षं ते पेटीच्या तळाशी होतं. उन्हात ठेवताना आपोआप उघडलं ते जिथं आम्ही थांबलो होतो तिथंच. खुणेला हा तुकडा होता. पोस्टकार्डाचा. त्यावर त्यांच्या हातचा वाकडा 'ज'.

कोपरा मी फाडला, कुंते.

वाचता वाचता उठावं लागलं की हाताला लागेल त्या कागदाचा कोपरा फाडून खूण घालायची, ही माझी खोड. मोटारीची तिकिटं, लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी, माझ्या तावडीतून काहीच सुटत नाही. यांनी पाणी मागितलं असेल. कार्ड पुस्तकाखाली पालथं असेल. मला काही म्हणजे काही आठवत नाही. शपथ घेतली नाही, एवढंच शहाणपण माझ्या नावावर. मी शिकलेली बाई म्हणून गावात मिरवते, लोकांची पत्रं वाचून देते, आणि माझ्याच नवऱ्याची सही फाडून त्याच्या मरणाची खबर पाठवली ती मीच.

तुझ्याशी खोटं बोलत नाही. पहिल्यांदा मी तो तुकडा चुलीपाशी नेला. फुंकर घातली की संपलं होतं. घरात कोणी नव्हतं. तरी कान तापले, नाडी धावायला लागली, मी फुंकणी खाली ठेवली. त्या पानावर होतं ना, की शत्रू समोर नसतानाही शरीर भांडायला उभं राहतं. मी बघितलं, समोर खरंच कोणी नव्हतं. चूल होती आणि मी होते.

मग पत्र लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, 'चुकून झालं.' तो फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, 'आपल्या दोघींचंही चुकलं.' तो तर लगेच फाडला, तुझा आवाज ऐकू आला. जानेवारीत माफ करायला मला एक आंघोळ पुरली होती. माफी मागायला चार दिवस लागले.

कोपरा मी फाडला. तो बघून तू रडत आलीस, जशी कोणतीही बहीण आली असती. मी दोष तुला दिला. साऱ्या गावासमोर तुला घराबाहेर काढलं, आणि तेराव्याला पाणी विचारलं नाही. मला माफ कर.

आज लगेच कर असं म्हणत नाही. दहा वाजता कर असंही म्हणत नाही.

नत्थूची मागून झाली. चहाला बोलावलं होतं. सगळं ऐकून म्हणाला, 'कार्ड फाडाची एवढी हौस होती तं पोस्टात नौकरी कायले नाही केली, बाई?' दुसरा कप घेतला. बोलायला लागला आहे.

शकुन


आंधळगाव
१४ सप्टेंबर १९८४

वहिनीले कुंताचा नमस्कार.

तुहा तुकडा भेटला. मले बी आता एक खोटं वापस घ्या लागते.

मी लिवलं होतं का कार्ड कोठ्यात खोचलं. खोचलं खरं. पन तेराव्याहून आली अन ते काढलं. तवा पयल्यांदा वाचलं. 'लवकर ये' वाचलं अन खाली दादाची सही पायली. मेलेला मानूस सही कायले करंल, एवढी अक्कल मले तवा आली. मयताचं कार्ड घरात ठेवत नाही, पन मी ठेवलं. माह्या लगनाच्या लुगड्याच्या घडीत आहे. तुह्यापायी सही अर्धीच होती. अकरा वर्सं मी 'भोजरा' वाचून राहिली.

काल लुगडं काढलं अन तुहा तुकडा लावून पायला. बसला. आमच्या घरचे म्हनले, गोंद आनू का? मी म्हनली, नोको. आज फक्त पाहू द्या.

आता डोयातल्या पान्याचं सांगतो. कोनालेच सांगितलं नाही, घरच्यायले बी नाही.

मी दारातून बोंबलत आली अन डोये मिटून बाजेवर आंग टाकलं. दादाचे पाय धरले. ते पाय गरम होते. वर पायलं तं दादा माह्याकडंच पाहून राहिला होता. म्हने, 'अवं कुंते, सारं रडनं आजच सपवून राहिली का? तेराव्यासाठी काही ठेव ना.' अन हासला. असा हासला वहिनी, लहानपनी तळ्यात मी गाळात बसली होती तवा हासला होता तसा. मी बी हासली. रडता रडता हासली. हासून हासून त्याच्या डोयातून पानी आलं. ते पानी ते होतं.

मंग त्याले खोकला लागला. तो थांबेच ना. तोंड काळंनिळं पडलं. तवाच तू भांडे फेकून दारात आली. तुले पानी दिसलं, माहं बोंबलनं आयकू आलं, अन तुनं जे समजलं ते समजलं. मी काहून बोलली नाही मालूम आहे? तू म्हनत होती, रडून मारलं. मले वाटे, हासवून मारलं. मंग तो धड बोलला नाही, हे तुनंच लिवलं आहे. मी गाडीत बसली ते चूप बसली, कारन तुनं मले ज्यासाठी हाकललं ते खोटं होतं, पन हाकललं ते बराबर होतं.

तू पुस्तकं वाचते. डॉक्टरकडं जाते. मले खरं खरं सांग. त्या हासन्यानं तो गेला का? मले बरं वाटावं म्हनून नोको लिवू.

कोन्याची माफी तं झाली वं. ते पत्र वाचतानाच झाली. माहं सांग.

कुंता


आसगाव
२४ सप्टेंबर १९८४

कुंते,

बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. नाही. त्या हसण्याने ते गेले नाहीत.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी आदल्या आठवड्यातच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. दोन्ही फुप्फुसं गेली आहेत, फार तर पंधरा दिवस, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. म्हणून ते कार्ड. पंधरा दिवसांचं मी यांना सांगितलं नाही, तुलाही लिहिलं नाही. आवाज तर आधीच बसत चालला होता, 'मंग?' हासुद्धा कधी नुसता ओठांनीच विचारायचे. खोकला रोज लागायचा. मी गोष्ट वाचली तरी लागायचा. मग मीही दोषी धर.

आता माझं राहिलेलं ऐक. तुझ्या पत्राआधी मंगळवारी पट्टा बांधला, तर एकशे सत्तर आणि शंभर. डॉक्टर खुश झाले, म्हणाले, नवी गोळी लागू पडली. मी त्यांचं मन मोडलं नाही. पण मला वाटलं, कोपऱ्याची माफी मागून झाली, नत्थू चहा पिऊन गेला, मग उरलेलं खाली का येत नाही? यंत्राला कळलं असावं की बाईने अजून एक गोष्ट मागे ठेवली आहे.

तू गेल्यावर यांनी दोनदा विचारलं. आवाज नव्हता, ओठ हलले. 'कुंती कुठी आहे?' पहिल्यांदा मी म्हटलं, बाहेर बसली आहे. दुसऱ्यांदा म्हटलं, दुकान उघडायला गेली, येते. त्यांनी मान हलवली. नऊ दिवस ते तुझी वाट बघत होते आणि मी तुला बोलावलं नाही. तुला पत्र टाकायला एक कार्ड कोरं पडून होतं. माझा राग तेव्हा इतका ताजा होता की त्यांच्या मरणाहून मला तोच मोठा वाटला. कोपरा फाटला तो नकळत. हे मी कळून केलं. कोपऱ्याची माफी मागणं त्यामानाने सोपं होतं, त्यात मी वेंधळी ठरत होते, वाईट नाही.

याची माफी या पत्रात मागत नाही. कागदावर फार लवकर लिहून होते. तू समोर असशील तेव्हा मागेन, मग तू हो म्हण, नाही म्हण, नाहीतर पुन्हा पहिल्या गाडीने जा.

पण दसऱ्याला ये. तुझ्या घरच्यांना, भैय्यालालजींना, दुकान एकट्याने सांभाळू दे. ते कार्ड घेऊन ये, आणि तो 'ज' वेगळा आण, गोंद माझ्याकडे आहे. ते पुस्तकही बाहेर काढून ठेवलं आहे. खूण काढून तुला पाठवली, आता पान सापडत नाही, पण मला गोष्ट आठवते, शोधू.

नत्थूला सांगून ठेवलं आहे की आंधळगावची बाई वेशीपासून रडत आली तर गावाला कळव, शकुनबाई जिवंत आहे. तो म्हणाला, 'लेखी द्या.'

कुंते, मला एकाच गोष्टीचा तुझा हेवा वाटतो. अकरा वर्षं मी ज्या पाण्यासाठी तुझ्यावर रागावले, ते हसण्याचं होतं, आणि ते हसणं मी ऐकलं नाही. हातात राखेची पातेली होती. आलीस की आधी त्यांचं ते वाक्य त्यांच्या आवाजात म्हणून दाखव, आणि कसे हसले तेही. नीट, पहिल्यापासून.

त्या दिवशी मी भांडी घासायला तळ्यावर जाणार नाही.

शकुन